बायोमेडिकल इंजिनिअरिंगनंतर एमबीबीएस: पदवीचा उपयोग कुठे होतो आणि कुठे नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. डोंबिवलीची मुलगी, वय २२, मुंबई विद्यापीठातून बायोमेडिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. बारावीला पीसीएमबी (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायोलॉजी) होतं. २०२२ च्या नीटमध्ये ४१२ गुण मिळाले, सरकारी सीट लागली नाही, खासगीची फी झेपणारी नव्हती, म्हणून इंजिनिअरिंगला गेली. सध्या परळच्या एका हॉस्पिटलात इंटर्नशिप चालू आहे, आयसीयूतल्या व्हेंटिलेटर-मॉनिटरच्या देखभालीचं काम बघते, आणि आपण पेशंटच्या बाजूला उभं राहायला हवं होतं असं तिला रोज वाटतं. तिने तीन गोष्टी विचारल्या आहेत. पदवीमुळे एमबीबीएसला काही सवलत मिळते का? थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं का? आणि बाबा दोन वर्षांत रिटायर होणार असताना हे करावं का?

मी मुंबईतल्या एका मेडिकल कॉलेजात वीस वर्षं फिजिऑलॉजी शिकवते. पहिल्या वर्षाच्या प्रत्येक बॅचमध्ये एखाद-दुसरं मूल आधी दुसरी पदवी घेऊन आलेलं असतं. कुणी बी.एस्सी. मायक्रो, कुणी फार्मसी, कधी इंजिनिअर. त्यांचं काय होतं हे मी जवळून पाहिलं आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं, कारण ती सरळ आहेत. सवलत नाही. थेट दुसरं वर्षही नाही. अमेरिकेत आधी पदवी आणि मग चार वर्षं मेडिकल असा क्रम आहे. ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलियात पदवीधरांसाठी वेगळे चार वर्षांचे अभ्यासक्रम आहेत. आपल्याकडे तसं दार नाही. इथे एमबीबीएसला जाण्याची वाट एकच, नीट-यूजी, आणि तिथे तू आणि बारावीची मुलगी एकाच रांगेत. तुझ्या आठ सेमिस्टरचे पॉइंटर कुणी विचारणार नाही. बघितले जातात ते बारावीचे फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीचे गुण (खुल्या प्रवर्गाला एकत्रित ५० टक्के, राखीव प्रवर्गांना ४०) आणि नीटची रँक. तुझं पीसीएमबी होतं, त्यामुळे पात्रतेचा प्रश्न नाही. हे वाचणाऱ्या ज्यांनी बारावीला बायोलॉजी घेतलं नव्हतं त्यांच्यासाठी एवढंच की, बारावीनंतर अतिरिक्त विषय म्हणून मान्यताप्राप्त बोर्डातून बायोलॉजी पास झालेल्यांनाही बसू देण्याचा निर्णय राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर केला.

वयाचीही भीती नको. आधीच्या नियमात खुल्या प्रवर्गाला २५ आणि राखीवला ३० अशी वरची मर्यादा होती. आयोगाने ती २०२२ मध्ये काढली. किती वेळा परीक्षा द्यायची यावरही बंधन नाही.

‘बायोमेडिकलवाल्यांना डायरेक्ट सेकंड इयर’ असं कुणी सांगितलं तर तिथून उठून यायचं. माझ्याकडे एक पालक आले होते, मुलगा बी.एस्सी. झालेला. एका एजंटने त्यांच्याकडून ‘ब्रिज कोर्स’च्या नावाखाली पन्नास हजार आगाऊ घेतले होते. असा कोर्स अस्तित्वातच नाही हे त्यांना सांगताना मला फार वाईट वाटलं. माणूस गरजेत असला की त्याला खोटंही पटतं, आणि हे लोक नेमके तेवढ्यावर जगतात.

आता तुझा खरा प्रश्न. तो मला असा दिसतो: चार वर्षं इंजिनिअर म्हणून घडलेलं डोकं घेऊन तुला एक वर्ष पुन्हा बारावीची विद्यार्थिनी होता येईल का? आणि ते वर्ष फुकट गेलं तर घर कोसळणार नाही अशी सोय आहे का? या दोन्हींची उत्तरं तुझ्या परिस्थितीवर आहेत. मी फक्त कसा विचार करायचा ते सांगू शकते.

पदवीधर मुलं नीटमध्ये कुठे अडकतात, तर जिथे त्यांना जास्त माहीत असतं तिथे. तुझ्याच कामातलं उदाहरण घेते. तू व्हेंटिलेटरवर टायडल व्हॉल्यूम, म्हणजे एका श्वासात आत जाणारी हवा, लावताना पाहतेस. तिथे डॉक्टर पेशंटच्या उंचीवरून वजन काढतात आणि किलोमागे ६ ते ८ मिली धरतात. फुप्फुस आजारी असेल तर आणखी जपून. म्हणजे तुझ्या डोक्यात टायडल व्हॉल्यूम हा माणसागणिक बदलणारा आकडा आहे, आणि ते बरोबरच आहे. एनसीईआरटीच्या पुस्तकात तो ५०० मिली आहे. नीटला ५०० मिलीच हवा. ईसीजीचंही तसंच. तुला इन्स्ट्रुमेंटेशन अॅम्प्लिफायर, फिल्टर, पन्नास हर्ट्झचा गोंगाट हे सगळं पाठ असेल. परीक्षा विचारते की टी वेव्हचा शेवट काय दर्शवतो, आणि एनसीईआरटीतल्या एका ओळीत त्याचं उत्तर आहे: सिस्टोलचा, म्हणजे हृदयाच्या आकुंचनाचा, शेवट. ती ओळ वाचलेली असेल तर दहा सेकंदांत चार गुण. नसेल तर तू मनात हृदयाचं अख्खं चक्र मांडत बसशील, दोन मिनिटं जातील, आणि तरी शंका राहील.

म्हणून माझ्या ओळखीतल्या पदवीधरांना मी पहिलं सांगते ते हे की, एनसीईआरटीची बायोलॉजीची दोन पुस्तकं नवीन असल्यासारखी वाचा. तू स्टेट बोर्डाची असशील तर हे जास्तच लागू. बालभारतीच्या पुस्तकांचा क्रम आणि मांडणी वेगळी आहे, आणि नीटची भाषा एनसीईआरटीची आहे. आणखी एक गोष्ट बायोमेडिकलची मुलं हमखास विसरतात. बायोलॉजीच्या ९० प्रश्नांपैकी जवळपास निम्मे वनस्पतींवर आणि त्यांच्या आसपासच्या धड्यांवर असतात. चार वर्षांत तू पानाचा आडवा छेद पाहिला नसशील. प्रकाशसंश्लेषण, फुलाची रचना, परिसंस्था, हे सगळं पहिल्यापासून करायचं आहे, आणि ते कंटाळवाणं वाटलं तरी त्याचे गुण माणसाच्या हृदयाइतकेच आहेत.

फिजिक्समध्ये तुला वाटतं तेवढा फायदा नाही. इंजिनिअरिंगमध्ये कॅल्क्युलेटर हातात असतो, उत्तराला पायऱ्यांचे गुण मिळतात. नीटमध्ये कॅल्क्युलेटर नाही, पायऱ्या नाहीत, १८० मिनिटांत १८० प्रश्न, आणि चुकीच्या उत्तराला एक गुण वजा. वर्गमूळ, लॉग, दहाचे घात हे सगळं हाताने आणि वेगाने करायचं. तुला संकल्पना लवकर परत येतील, वेग येणार नाही. वेगासाठी रोज बसावं लागेल. केमिस्ट्रीत इनऑर्गॅनिक पाठांतर मागते. ते सकाळी लवकर करणाऱ्यांचं होतं, असा माझा अनुभव आहे.

किती गुण लागतील, हे विचारू नकोस. २०२४ मध्ये पैकीच्या पैकी ७२० मिळवणारे अनेक जण होते. २०२५ ला फिजिक्सने सगळ्यांना घाम फोडला आणि देशात पहिल्या आलेल्या मुलाला ६८६ होते. राज्यातही सरकारी सीट ज्या गुणांवर लागली तो आकडा एका वर्षात शंभराहून जास्त खाली आला. त्यामुळे तुझ्या ४१२ ची तुलना आजच्या कुणाच्या गुणांशी करून उपयोग नाही. बघायचं ते राज्य गुणवत्ता यादीतलं स्थान, तेही तुझ्या प्रवर्गातलं. राज्यातले प्रवेश करणाऱ्या सीईटी सेलच्या जुन्या फेऱ्यांच्या याद्या उपलब्ध असतात. केईएमचं जीएस, नायर, सायन, कूपर ही पालिकेची कॉलेजं, भायखळ्याचं ग्रँट म्हणजे जेजे, कळव्याचं राजीव गांधी, २०२४ ला जीटी आणि कामा हॉस्पिटलांना जोडून सुरू झालेलं नवं सरकारी कॉलेज, यांच्या शेवटच्या रँक वहीत उतरवून काढ. पण राज्यातली बाकीची सरकारी कॉलेजंही उतरव. मुंबईचाच हट्ट धरणाऱ्या मुलांच्या हातून रत्नागिरी-अलिबागची सीट गेलेली मी पाहिली आहे. राज्याच्या ८५ टक्के जागा सीईटी सेल भरतं, १५ टक्के अखिल भारतीय कोट्यातून जातात. दोन्हीकडे नोंदणी करायची.

पैशाचा हिशेब स्वच्छ मांडू. सरकारी आणि पालिकेच्या कॉलेजात वर्षाची फी लाख-दीड लाखाच्या आसपास. अभिमत (डीम्ड) विद्यापीठांत ती वीस लाखांच्या पुढे जाते. बाबा दोन वर्षांत रिटायर होणार असतील तर अभिमतचा पर्याय यादीतूनच काढ. रिटायरमेंटची पुंजी फोडून घेतलेल्या सीटचं ओझं मी एका मुलाच्या चेहऱ्यावर साडेचार वर्षं पाहिलं आहे. तो नापास व्हायला घाबरायचा, आणि घाबरल्यामुळे नापास व्हायचा. दुसरीकडे, ज्या प्रवर्गांना फीमाफी आहे त्यांनी ती जरूर तपासावी. २०२४-२५ पासून राज्याने ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या आर्थिक दुर्बल, ओबीसी आणि एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) प्रवर्गातल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ केली आहे. तुझी ही दुसरी व्यावसायिक पदवी असेल, म्हणून अर्ज करण्याआधी कॉलेजच्या स्कॉलरशिप खिडकीवर तो मुद्दा स्पष्ट विचारून घे.

वर्षांचा हिशेब असा. तू आता २२. तयारी एक वर्ष, म्हणजे प्रवेशाला २३. साडेचार वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप, म्हणजे २८-२९. सरकारी किंवा पालिकेच्या कॉलेजातून झालीस तर एक वर्ष बंधपत्रित सेवा, म्हणजे सरकार नेमेल तिथे सक्तीचं काम. मग नीट-पीजी आणि एमडी किंवा एमएसची तीन वर्षं. सगळं एका फटक्यात जमलं तर तेहतीस-चौतिशीत तू स्पेशालिस्ट असशील. इंटर्नशिपपर्यंत हातात पगार नाही. रेसिडेन्सीत मात्र घर चालवण्याइतका स्टायपेंड मिळतो. हे आकडे मी घाबरवायला लिहीत नाही. पण तुझ्या बॅचचे मित्र या काळात कुठे पोचलेले असतील, घरात लग्नाचा विषय केव्हा निघेल, बाबांचं दुखणंखुपणं कुणी बघायचं, हे सगळं याच वर्षांत येणार आहे, आणि ते कागदावर दिसलेलं बरं.

आता पदवी उपयोगी कुठे पडते ते सांगते, कारण ती वाया गेली असं तुला वाटायला नको. काही वर्षांपूर्वी माझ्या बॅचमध्ये एक बायोमेडिकल इंजिनिअर मुलगी होती. ईसीजीचं प्रॅक्टिकल चालू होतं, मुलं एकमेकांवर क्लिपा लावून रेकॉर्डिंग काढत होती. एका गटाच्या कागदावर पहिली लीड पूर्ण उलटी आली. पी खाली, क्यूआरएस खाली, सगळंच खाली. गटातल्या मुलांनी घाईघाईने एका आजाराचं नाव जर्नलमध्ये लिहून टाकलं. ही मुलगी कागद हातात न घेताच टेबलाकडे गेली, ज्याचा ईसीजी होता त्याच्या मनगटांकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘मॅम, उजव्या-डाव्या हाताच्या क्लिपा बदलल्यात.’ क्लिपा बदलल्या, ईसीजी सरळ आला. ती नजर तिला तुमच्या शाखेने दिली होती. वॉर्डात यंत्राचा आकडा आणि पेशंट जुळत नसेल तेव्हा आधी कुठे बघायचं हे ज्याला कळतं, तो डॉक्टर म्हणून पुढे जातो.

त्याच मुलीने पहिल्या सेशनलला (कॉलेजच्या अंतर्गत परीक्षेला) ‘ईसीजीच्या लहरी’ या पाच गुणांच्या प्रश्नाला दीड पान अॅम्प्लिफायर लिहिला आणि दोन गुण मिळवले. पेपर परत देताना मी तिला शेजारी बसवलं आणि म्हटलं, इथे आपल्याला हृदयाबद्दल विचारलंय. पुढच्या पेपरला ती सावरली. अॅनाटॉमीत मात्र तिला वर्षभर त्रास झाला. पाठांतराची सवय गेलेली, आणि डिसेक्शन टेबलाभोवती तिच्याहून चार-पाच वर्षांनी लहान मुलं. एकटेपणाही येतो. हे तू गृहीत धर. आज ती अॅनेस्थेशियात रेसिडेन्सी करते आहे आणि ऑपरेशन थिएटरमध्ये वर्कस्टेशन (भूल देण्याचं यंत्र) बिघडलं की सगळे तिला हाक मारतात.

इथपर्यंतचं एका दमात सांगायचं तर: प्रवेशाच्या दारात पदवी शून्य आहे, आत आल्यावर ती कामाची आहे, आणि तयारीच्या वर्षात गरज पडली तर ती तुझा पोट भरण्याचा आधार आहे. शेवटच्या मुद्द्यावरून मी पुढचं सांगते.

शेवटच्या सेमिस्टरबरोबर नीट ‘सहज म्हणून’ देऊ नकोस. नीट साधारण मेच्या पहिल्या आठवड्यात असते, आणि तुमच्या आठव्या सेमिस्टरच्या परीक्षा, प्रोजेक्टची व्हायव्हा त्याच दिवसांत. दोन्ही अर्धवट होतं. आधी पदवी हातात घे, चांगल्या गुणांनी. मग एक पूर्ण वर्ष, नोकरीशिवाय, फक्त नीट. घरी ते शक्य नसेल तर सकाळच्या पाळीतली कमी जबाबदारीची नोकरी आणि दीड-दोन वर्षांची तयारी. डोंबिवली ते परळ उभ्याने प्रवास, आठ तास सर्व्हिस कॉल आणि रात्री दहाला मेंडेलची वाटाण्याची झाडं, असं वर्षभर रेटून यश मिळवलेलं मूल माझ्या पाहण्यात नाही. आणि प्रयत्न एकच, फार तर दोन, हे आधी ठरवून घरी सांग. तिसऱ्या-चौथ्या वेळेला बसलेल्या मुलांमध्ये अभ्यासापेक्षा ‘आता मागे कसं फिरू’ याचीच भीती जास्त असते.

ठरवण्याआधी दोन गोष्टी कर. पहिली, येत्या रविवारी दुपारी २ ते ५ या वेळेत २०२५ चा पेपर ओएमआर शीट छापून घेऊन सोडव, कोणतीही तयारी न करता. गुण काय आले ते बाजूला ठेव. चुकलेले प्रश्न तीन ढिगांत टाक: विसरले, कधी वाचलंच नव्हतं, माहीत होतं पण वेळ गेला. तिसरा ढीग मोठा असेल तर मला तुझी काळजी कमी वाटेल. मग दोन आठवडे रोज चार तास बस, एक धडा आवडीचा आणि एक अजिबात न आवडणारा घे. दोन आठवड्यांनी न आवडणाऱ्या धड्यावर बसवतं का, याचं उत्तर प्रामाणिकपणे दे.

दुसरी गोष्ट आयसीयूतच कर. तुला तिथे कुणाचा हेवा वाटतो ते ओळख. रात्री तीनला ब्लडप्रेशर पडत असताना निर्णय घेणाऱ्या रेसिडेंटचा? नातेवाइकांना बाहेर जाऊन वाईट बातमी सांगणाऱ्या कन्सल्टंटचा? की बंद पडलेला व्हेंटिलेटर दहा मिनिटांत सुरू करून पेशंट वाचवणाऱ्या तुझ्याच सीनियर इंजिनिअरचा? पहिल्या दोघांचा असेल तर एमबीबीएसला पर्याय नाही, आणि मी तुला मागे फिर म्हणणार नाही. तिसऱ्याचा असेल तर मात्र तुला हवं ते मिळायला दहा-अकरा वर्षं लागत नाहीत. गेट या एम.टेक.च्या प्रवेश परीक्षेत २०२० पासून बायोमेडिकलचा स्वतंत्र पेपर आहे. आयआयटी मुंबईत बायोसायन्सेस अँड बायोइंजिनिअरिंगचा विभाग आहे, त्याच आयआयटीत वैद्यकीय उपकरणांवर काम करणारं ‘बेटिक’ केंद्र आहे. आयआयटी मद्रास, तिरुवनंतपुरमचं श्री चित्रा आणि वेल्लोरचं सीएमसी मिळून क्लिनिकल इंजिनिअरिंगचं एम.टेक. चालवतात, त्यात हॉस्पिटलातच शिकायला मिळतं. ही दुय्यम कामं नाहीत. माझ्या वॉर्डातल्या मित्रांना विचार, चांगला क्लिनिकल इंजिनिअर मिळत नाही म्हणून ते किती तळमळतात.

परदेशाबद्दल तू विचारलं नाहीस, पण कुणीतरी तुला सांगेलच म्हणून थोडक्यात. जॉर्जिया, कझाकस्तान वगैरे ठिकाणी शिकून भारतात प्रॅक्टिस करायची तरी नीट परीक्षेत पात्र व्हावंच लागतं. २०२१ च्या नियमांनुसार अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा आणि इंग्रजीतून हवा, त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप हवी, आणि परत आल्यावर इथली परीक्षा आणि इथलीही इंटर्नशिप. यात एक खोच आहे. पदवीधरांसाठीचे चार वर्षांचे परदेशी अभ्यासक्रम ४८ महिन्यांचेच भरतात, म्हणजे ५४ च्या अटीत बसत नाहीत. जिला तिकडेच स्थायिक व्हायचंय तिच्यासाठी ते ठीक. डोंबिवलीला आई-बाबांजवळ परत यायचं असेल तर नाही.

कागदपत्रांचं आत्ताच बघ. इंजिनिअरिंग कॉलेजातून पदवीनंतर कॉलेज सोडल्याचा दाखला, बारावीची मूळ गुणपत्रिका, डोमिसाइल, राष्ट्रीयत्वाचा दाखला, लागू असेल तर जात-वैधता आणि त्या वर्षाचं नॉन-क्रीमीलेअर, आणि तयारीच्या वर्षासाठी गॅपचं प्रतिज्ञापत्र. एका हुशार मुलाचे मूळ दाखले आधीच्या कॉलेजात अडकले होते, कारण जुनी थकबाकी दाखवली होती. तो पावती शोधत राहिला आणि फेरीची मुदत संपली. लायब्ररी, लॅब, फी, सगळ्या नो-ड्यूजच्या सह्या शेवटच्या परीक्षेच्या दुसऱ्याच दिवशी घे.

आणि बाबांशी बोलताना ‘मला डॉक्टर व्हायचंय’ एवढंच सांगू नकोस. ते चार वर्षांपूर्वीही त्यांनी ऐकलं होतं. रविवारच्या पेपरचे तीन ढीग, सरकारी कॉलेजांच्या शेवटच्या रँक, फीचे आकडे, आणि ‘अमुक महिन्यापर्यंत नाही झालं तर मी नोकरीला लागेन’ ही तारीख, असं एका कागदावर लिहून त्यांच्यासमोर ठेव. ते काय म्हणाले, आणि तुझा तिसरा ढीग किती मोठा निघाला, हे इथेच कळव. पुढचं आपण त्यावरून बोलू.